पगाराच्या पलीकडचा पगार : नोकरी बदलण्यापूर्वी काय काय मोजावे?

रविवारी विहारात वंदना झाली की तरुण मंडळी थोडा वेळ रेंगाळतात. अभ्यास, परीक्षा, नोकरी असे विषय निघतात. कुणीतरी सांगतो, "दुसरीकडून ऑफर आली आहे." लगेच सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "हातात किती येणार?" आकडा आताच्या पगारापेक्षा पाच-सहा हजारांनी जास्त असला की निर्णय झाल्यातच जमा होतो.

हा प्रश्न चुकीचा नाही. घरभाडे, धाकट्या भावंडांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळे हातात येणाऱ्या पगारातूनच भागते. पण एवढ्या एकाच प्रश्नावर नोकरी बदलणाऱ्यांचे नुकसान होताना आम्ही अनेकदा पाहिले आहे. आमच्यातल्या एकाने सहा हजार जास्त मिळतात म्हणून कायम नोकरी सोडली आणि ठेकेदारामार्फत काम धरले. आठ महिन्यांनी वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले. जुन्या नोकरीत आई-वडिलांसह कुटुंबाचा विमा होता, नव्या ठिकाणी काहीच नव्हते. दीड वर्षात जास्तीचे जे मिळाले, ते त्या एका बिलात गेले आणि वर कर्जही झाले.

म्हणून पगाराच्या आकड्यापलीकडे काय काय असते, त्याची किंमत कशी काढायची आणि राजीनामा देण्यापूर्वी काय तपासायचे, हे आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

आपल्यासाठी हा हिशेब वेगळा का आहे?

ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, शहरात वडिलोपार्जित घर आहे, त्याची नोकरी सहा महिने गेली तरी त्याला टेकायला जागा असते. आपल्यातील बहुतेक तरुण-तरुणी घरातील पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचे पगारदार आहेत. त्यांच्या मागे सातबारा नाही. अशा घरात भविष्य निर्वाह निधी, विमा, ग्रॅच्युइटी आणि पगारी रजा हीच मालमत्ता असते. ती सोडताना आपण जमीन विकताना करू तितकाच विचार केला पाहिजे.

या सवलती मालकांनी मेहेरबानी म्हणून दिलेल्या नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. आडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला, तोही याच काळात. पुढे त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. जे हक्क एवढ्या झगड्यानंतर मिळाले, ते ऑफर लेटर न वाचता सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

सिगालोवाद सुत्तातील पाच कसोट्या

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाला जो उपदेश केला, त्यात मालकाने सेवकाशी कसे वागावे हेही सांगितले आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष काही मिळाले तर त्यातला वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी, अशी ती पाच कर्तव्ये आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर कामाचे तास, पगार, आरोग्य विमा, बोनस आणि रजा. पाचांपैकी वेतन ही केवळ एक कसोटी आहे. नव्या नोकरीला बाकीच्या चारही लावून पाहाव्यात.

ऑफर लेटर कसे वाचावे?

ऑफरमध्ये बहुधा वर्षाचा "सीटीसी" लिहिलेला असतो. सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनी करणार असलेला एकूण खर्च. त्यात मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असू शकते. म्हणून सीटीसीला १२ ने भागून पगार ठरवू नये. मूळ वेतन किती, भत्ते किती, कपाती किती आणि दर महिन्याला नक्की किती मिळणार, याचा तक्ता लेखी मागावा.

मूळ वेतनाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावरच ठरतात. पूर्वी मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून बाकी रक्कम भत्त्यांत दाखवली जात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. नियुक्तिपत्र देणेही आता मालकाला बंधनकारक आहे. "पत्र नंतर देऊ, आधी रुजू व्हा" असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

भविष्य निर्वाह निधी

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पीएफ लागू होतो. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे, असे पैसे जमा होतात. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये जातात. वेतन १५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर मालक आपला वाटा १५,००० वरच, म्हणजे महिना १,८०० रुपयांवर थांबवू शकतो. नव्या ठिकाणी पूर्ण वेतनावर पीएफ आहे की १५,००० वर, हे विचारून घ्यावे.

यासोबत आणखी दोन गोष्टी असतात आणि त्या बहुतेकांना माहीत नसतात. पहिली म्हणजे विमा. पीएफ सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर वारसांना ठेवसंलग्न विमा योजनेतून कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. दुसरी म्हणजे पेन्शन. त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीत असण्याची गरज नाही. मात्र दर वेळी जुने खाते नव्या नोकरीत हस्तांतरित केले पाहिजे.

नेमकी येथेच मोठी चूक होते. नोकरी सोडली की पीएफ काढायचा आणि मोबाइल, गाडी किंवा लग्नाला लावायचा, हा प्रकार सर्रास दिसतो. पेन्शनचे पैसेही काढून घेतले की तोवरची सेवा पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या पीएफवर करही लागू शकतो. यूएएन क्रमांक एकच ठेवावा आणि खाते पुढे न्यावे.

ग्रॅच्युइटी

१९७२ च्या कायद्यापासून ही रक्कम पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. सूत्र सोपे आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. २०,००० रुपये मूळ वेतन आणि पाच वर्षे सेवा असेल तर सुमारे ५७,७०० रुपये होतात. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्या कर्मचाऱ्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

म्हणून रुजू झाल्याची तारीख पाहिल्याशिवाय राजीनामा लिहू नये. साडेचार वर्षे झाली असतील आणि ऑफर सहा महिने थांबू शकत असेल, तर थांबण्याची किंमत काढून पाहावी. ऑफर थांबणार नसेल तर निदान आपण किती रक्कम सोडतो आहोत हे माहीत असावे. नव्या मालकाकडे पगार ठरवताना ते सांगताही येते.

आजारपण

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. त्यात कर्मचारी, जोडीदार, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांच्यावर उपचार होतात. आवश्यक वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते.

यात एक खाच आहे. पगार २०,५०० वरून २२,५०० झाला की आनंद होतो, पण नव्या ठिकाणी ईएसआय मिळणार नाही. तिथे गट आरोग्य विमा नसेल, तर वाढलेल्या दोन हजारांत घरच्यांचे आरोग्य उघड्यावर पडते. विमा असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. रक्कम किती? आई-वडील त्यात आहेत का? आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का? आईला मधुमेह असेल आणि वडिलांनी आयुष्यभर सफाईचे किंवा गिरणीचे काम केले असेल, तर या तीन उत्तरांवर बरेच काही अवलंबून असते.

रजा, सुट्ट्या आणि प्रसूती रजा

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या आस्थापनांना पूर्ण लागू होतो, तिथे वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. वर्षात २४० दिवस काम केले तर दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सणाच्या ८ पगारी सुट्ट्या असतात. त्यापैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कर्मचारी यांनी आपसांत ठरवायच्या असतात. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी मागायला कायद्यातच जागा आहे. रुजू होण्यापूर्वी सुट्ट्यांची यादी मागावी आणि नंतर सहकाऱ्यांना सोबत घेऊन ही मागणी लेखी द्यावी.

भगिनींसाठी आणखी एक मुद्दा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. पण त्यासाठी प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही हवी. नोकरी बदलण्याची वेळ ठरवताना हा हिशेब नवरा-बायको दोघांनी मिळून करावा.

ठेकेदारामार्फत काम

काम बँकेत, सरकारी कार्यालयात किंवा मोठ्या कारखान्यात असते, ओळखपत्रावरही तिथले नाव असते, पण पगार देणारा ठेकेदार असतो. अशा वेळी कंपनीचे नाव पाहून भुलू नये. पगाराची पावती कोणाची, पीएफ कोणाच्या कोडवर भरला जाणार आणि ठेका बदलला तर सेवा सलग धरली जाणार का, हे विचारावे. ठेकेदाराने वेतन थकवले तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हेही लक्षात ठेवावे.

"सल्लागार" म्हणून नेमणूक असेल तर आणखी सावध राहावे. पगाराऐवजी "व्यावसायिक शुल्क" दिले जात असेल, तर कागदोपत्री तुम्ही कर्मचारीच नसता. मग पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस आणि पगारी रजा यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही.

एक हिशेब करून पाहू

समजा, एका तरुणाची आताची नोकरी अशी आहे : मूळ वेतन व महागाई भत्ता १५,०००, इतर भत्ते ७,०००, एकूण २२,०००. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात २०,००० येतात. कुटुंबाचा विमा कंपनीचा आहे. नवी ऑफर ठेकेदारामार्फत आहे, हातात २६,०००, बाकी काही नाही. वरवर पाहता महिना ६,००० जास्त. आता तो दरमहा काय सोडतो ते पाहू.

- स्वतःच्या नावावर जमा होणारा पीएफ : १,८०० रुपये
- मालकाचा पीएफ व पेन्शनचा वाटा : १,८०० रुपये
- ग्रॅच्युइटी (वर्षाला सुमारे ८,६५४) : ७२१ रुपये
- कायद्यानुसार किमान बोनस (७,००० वर ८.३३ टक्के धरून) : ५८३ रुपये
- तसाच विमा स्वतः घ्यायचा तर अंदाजे हप्ता : १,५०० रुपये
- वर्षातून १२ दिवस सुट्टी घेतली तर कापले जाणारे दिवसाला १,००० : महिना १,००० रुपये

बेरीज ७,४०४ रुपये. म्हणजे ६,००० च्या वाढीत तो खरे तर १,४०४ रुपयांनी मागे जातो. पाच वर्षे पूर्ण होणारच नाहीत असे धरून ग्रॅच्युइटी वगळली, तरी ६,६८३ होतात. विम्याचा हप्ता घरातल्यांच्या वयानुसार बदलेल, आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण पद्धत हीच. प्रवासाचा खर्चही यात धरावा. कंपनीची बस सुटून रोज पेट्रोल घालावे लागणार असेल तर तेही लिहावे. हेच काम ३५,००० रुपयांना मिळत असेल आणि विमा व बचत स्वतः करण्याची शिस्त असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार भाग करून एक भाग अडचणीच्या काळासाठी राखण्याचा सल्ला आहे. पीएफमधील दोघांचे मिळून २४ टक्के म्हणजे मूळ वेतनाचा जवळपास चौथा भागच. ती व्यवस्था नव्या नोकरीत नसेल तर पहिल्या महिन्यापासून आपण स्वतः ती उभी केली पाहिजे.

रुपयांत न बसणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी अशा तक्त्यात मांडता येत नाहीत. रोज तीन तास प्रवासात गेले तर परीक्षेचा अभ्यास, विहारातील वर्ग आणि वस्तीतील काम यांपैकी काहीतरी सुटते. नवीन कौशल्य शिकायला मिळणार असेल तर कमी पगारही काही काळ परवडतो. शिकणे थांबलेली जागा मात्र पगार चांगला असूनही पुढे अडचणीची ठरते. काम काय आहे हेही पाहावे. सम्यक आजीविका आपण मानत असू, तर लोकांना फसवून विकण्याचे काम जास्त पगारातही नको.

आणि सन्मान. आडनाव कळल्यावर वागणूक बदलते, बढतीच्या वेळी नाव मागे राहते, जेवणाच्या टेबलावर टोमणे ऐकावे लागतात, अशा जागी केवळ पीएफ आहे म्हणून आयुष्य काढा असे आम्ही म्हणणार नाही. हा त्रास सोसणाऱ्याला हिशेबाची वही दाखवणे क्रूरपणाचे आहे. पण तिथून निघतानाही घाईने, सगळे सोडून निघू नये. घटना तारखेसह लिहून ठेवाव्यात, दुसरी नोकरी हातात घ्यावी आणि आपला प्रत्येक रुपया वसूल करून बाहेर पडावे. भगिनींनी नव्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे जरूर पाहावे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ती असलीच पाहिजे.

राजीनाम्यापूर्वीची यादी

१. नव्या नोकरीचे नियुक्तिपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये. फोनवरच्या शब्दावर विसंबू नये.

२. पीएफचे पासबुक ऑनलाइन किंवा उमंग अ‍ॅपवर तपासावे. पगारातून कापलेले पैसे खरोखर जमा झाले आहेत का? नसतील तर नोकरीत असतानाच तक्रार करावी.

३. आधार, बँक खाते, जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग आणि वारसाची नोंद दुरुस्त करून घ्यावी. सोडल्यानंतर जुने कार्यालय दाद देईलच असे नाही.

४. नोटीस कालावधी आणि बाँडची अट वाचावी. तो भरून काढायला किती पैसे लागतील ते लिहून ठेवावे.

५. शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि इतर येणी यांची यादी करावी. नव्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता व्हायला हवा.

६. अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या पगारपावत्या आणि कार्यमुक्तीचे पत्र घ्यावे.

७. मूळ गुणपत्रिका आणि जातीचे प्रमाणपत्र नव्या मालकाकडे ठेवायला देऊ नये. दाखवावे, प्रत द्यावी, मूळ आपल्याकडेच राहू द्यावे.

८. जुना विमा कोणत्या तारखेला संपतो आणि नवा कोणत्या तारखेला सुरू होतो ते पाहावे. मधल्या काळात घरचे विम्याशिवाय राहू नयेत.

ऑफर आली की एक कोरा कागद घ्या. डावीकडे आताची नोकरी, उजवीकडे नवी. वर सांगितलेली प्रत्येक बाब रुपयांत लिहा आणि जी रुपयांत मांडता येत नाही ती शब्दांत लिहा. मग तो कागद घरी आई-वडिलांना, जोडीदाराला दाखवा, विहारात या विषयातील जाणकार असेल त्याला दाखवा. ज्यांना हिशेब समजतो अशा आपल्या वकील, लेखापाल आणि कामगार संघटनेतील बंधू-भगिनींनी महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे. एका तरुणाचे ऑफर लेटर नीट वाचून द्यायला अर्धा तास लागतो. तेवढ्याने एखादे घर कर्जापासून वाचू शकते.